घरातले युद्धपदक परदेशी नेताना: गोव्यातील कुटुंबांसाठी अर्जाची माहिती

गोव्यात तारवट्यांच्या (जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या) आणि ब्रिटिश हिंदी फौजेत नोकरी केलेल्यांच्या घरी जुनी पदके सापडतात. ती घरी ठेवायला परवाना लागत नाही. अडचण येते ती पोर्तुगाल-इंग्लंडला जाताना. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे झालेली ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती पणजोबांची का असेना. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड.

शंभरीच्या आतल्या पदकासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नसल्याचा दाखला’ घ्यावा. चौकशी जुन्या गोव्यातील गोवा मंडळ कार्यालयात करा, तीही तिकीट काढण्याआधी.

म्हणून आधी वय ठरवा. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल १९१९ मध्ये मंजूर झाले आणि पुढची काही वर्षे वाटले गेले. ते शंभरीपारच धरून चाला. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचे कांस्य पदकही त्याच काळातले. खरा घोळ १९०८ च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलचा. मागच्या बाजूला खैबर खिंडीजवळच्या जमरूद किल्ल्याचे चित्र असलेले हे पदक १९३० च्या दशकापर्यंत दिले जात होते, त्यामुळे रिबनवरची, मोहिमेचे नाव असलेली धातूची पट्टी वाचल्याशिवाय काही ठरत नाही: ‘वझिरिस्तान १९१९-२१’ शंभरीपार, ‘बर्मा १९३०-३२’ आत. मागे वाघ असेल तर ते १९३६ चे. अंतिम निर्णय मात्र पुरातत्त्व खात्याचाच.

अर्जासोबत ओळखपत्राची प्रत आणि पुढची, मागची व कडेची स्पष्ट छायाचित्रे द्या. वर्णनात धातू, मिलिमीटरमध्ये व्यास, वजन (सोनाराच्या काट्यावर करून घ्या), पट्टीवरचा मजकूर आणि कडेवरचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण जसेच्या तसे उतरवा. कड तिरप्या उजेडात वाचावी. नुसत्या फोटोवर भागत नाही, मूळ पदक तपासणीला न्यावे लागते.

एक कळकळीची विनंती: पितांबरी किंवा चिंच लावून पदक घासू नका. कडेची अक्षरे झिजली की ते कुणाचे होते हे सांगणारा पुरावाच जातो, आणि पट्टी नसलेल्या पदकाचे वय ठरवायला मग पलटणीचे नावही उरत नाही.

शंभरीपारच्या पदकांचा व्यापार करायचा असेल तर त्याच कायद्याखाली वेगळा परवाना लागतो.