अमेरिकी अध्यक्षांची सही: आदेश की अध्यादेश?

अमेरिकेचे अध्यक्ष सही केलेला कागद कॅमेऱ्यापुढे उचलून धरतात आणि आपल्याकडे बातमी झळकते, ‘अध्यादेश काढला’. हा शब्द तिथे बसत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम १२३ प्रमाणे निघणारा अध्यादेश हा तात्पुरता का होईना, कायदाच असतो. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत संसदेची मान्यता मिळाली नाही तर तो बाद होतो. अमेरिकी अध्यक्षांना असा कायदा करताच येत नाही. ते काढतात तो कार्यकारी आदेश, म्हणजे हाताखालच्या यंत्रणेला दिलेली सूचना. जातकुळी आपल्या जीआरची. त्यामागे अमेरिकेच्या घटनेचा किंवा तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, केलेल्या कायद्याचा आधार लागतो.

या आदेशांची ताकद दोन्ही बाजूंनी दिसली आहे. १९४२ साली अशाच एका आदेशाच्या आधारे जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबलं गेलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. १९४८ च्या आदेशाने सैन्यातला वर्णभेद मोडायला सुरुवात झाली.

खरी कसोटी लागली १९५२ मध्ये. कोरियात युद्ध चालू होतं आणि पोलाद कामगार संपाच्या तयारीत होते. संप ८० दिवस लांबवण्याची सोय १९४७ च्या कायद्यात होती, पण हा कायदा अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून झालेला. त्यांनी त्याला हात लावला नाही. ८ एप्रिलच्या रात्री भाषण करून त्यांनी थेट कारखानेच ताब्यात घेतले. ताबा तरी कसा? कंपन्यांच्या प्रमुखांनाच सरकारच्या वतीने कारखाने चालवायला सांगितलं गेलं! दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी संसदेला कळवलं. संसदेने काहीच केलं नाही. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ताबा बेकायदा ठरवला. संसदेची साथ असेल तर अध्यक्षांचं बळ सर्वाधिक, तिच्या इच्छेविरुद्ध गेले तर सगळ्यात कमी, ही मांडणी त्या निकालातल्या एका न्यायमूर्तींच्या स्वतंत्र मतातली. आजही प्रत्येक वादात तीच काढली जाते, आणि ते योग्यच आहे.

पुढे सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, विधेयक पुढे सरकवायला १०० पैकी ६० मतं जमेनाशी झाली, तशी सहीवर भिस्त वाढली. २०१४ च्या सुरुवातीला तेव्हाच्या अध्यक्षांनी आपल्याकडे पेन आणि फोन आहे, असं उघडच सांगितलं. २०२५ मध्ये शपथविधीच्याच दिवशी २६ कार्यकारी आदेश निघाले. पण सहीने आलेलं सहीनेच जातं. गर्भपाताशी संबंधित काम करणाऱ्या परदेशी संस्थांना अमेरिकी निधी न देण्याचं धोरण १९८४ साली आलं. १९९३ ला गेलं, २००१ ला आलं, २००९ ला गेलं, २०१७ ला आलं, २०२१ ला गेलं, २०२५ ला पुन्हा आलं. ज्या दवाखान्याचा पैसा त्यावर अवलंबून, त्याने नियोजन करायचं कसं?

एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीसाठीच्या व्हिसावरचं १ लाख डॉलरचं शुल्क तर आदेशही नव्हता. १९ सप्टेंबर २०२५ ला निघाली ती उद्घोषणा, अध्यक्षांच्या सहीचाच दुसरा प्रकार. अंमल २१ तारखेपासून. सुटीवर भारतात आलेल्या अनेकांनी मिळेल त्या विमानाने परतीची धावपळ केली. शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा त्यानंतर आला.