द ब्रॉइन (डच आडनाव)

द ब्रॉइन हे नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या डचभाषी भागातले, माणसाच्या दिसण्यावरून पडलेले आडनाव. ‘ब्रॉइन’ म्हणजे तपकिरी. गावात एकाच नावाचे दोघे-तिघे असले, की तपकिरी केसांच्या किंवा सावळ्या माणसाला तसे हाक मारत. पुढे तेच नाव मुलानातवंडांना चिकटले, मग त्यांचे केस पिवळे असोत की लाल. द विट (पांढरा), द झ्वार्ट (काळा), द लांगे (उंच) ही याच जातकुळीची आडनावे.

यातला ‘द’ हे इंग्रजी ‘द’ (the) सारखे निव्वळ निश्चित उपपद आहे. फ्रेंच ‘द’ किंवा डच ‘फान’सारखा त्याचा गावाशी संबंध नाही आणि खानदानीपणाशी तर मुळीच नाही. उलट, ते उपपद असणे हीच टोपणनावाची खूण. नुसते ‘ब्रॉइन’ असेल तर मात्र जपून: ब्रूनो या नावाचेही हे डच रूप आहे, आणि ‘ब्रॉइन्स’ हे बहुधा त्यावरूनच आलेले, ‘ब्रॉइनचा मुलगा’ अशा अर्थाचे पितृनाम.

आडनावे नेपोलियनने दिली, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे. 18 ऑगस्ट 1811 च्या हुकमाने आडनाव नोंदवणे सक्तीचे झाले, पण हॉलंड आणि ब्राबांत या डचभाषी भागांत अशी नावे त्याआधीच रुळली होती. नोंदणीने गोठवले ते स्पेलिंग. कारकुनाने शेवटी ‘आय-एन’, ‘आय-जे-एन’ की ‘वाय-एन’ लिहिले यावर एकाच घराण्याच्या शाखा वेगळ्या दिसू लागल्या. फ्लँडर्समधल्या, म्हणजे बेल्जियमच्या डचभाषी भागातल्या, ‘द ब्रॉइने’तला शेवटचा स्वर हा जुन्या डचमधला विशेषणाचा प्रत्यय, फुटबॉलपटू केव्हिन द ब्रॉइने याचे आडनाव हेच.

वंशावळ शोधताना ही सगळी रूपे तपासावीत. नेदरलँड्सच्या याद्यांत हे नाव ‘बी’खाली लावतात, बेल्जियममध्ये ‘डी’खाली. डच लिखाणात पहिले नाव किंवा आद्याक्षरे आधी असतील तर ‘द’चे अक्षर लहान, नुसते आडनाव असेल तर मोठे, बेल्जियममध्ये नोंदवहीत असेल तसेच.

गणितात हे नाव निकोलास गोव्हर्ट द ब्रॉइन (1918–2012) यांच्यामुळे पोहोचले. त्यांच्या नावाच्या ‘द ब्रॉइन क्रमा’त ठरावीक चिन्हांची ठरावीक लांबीची प्रत्येक जुळणी नेमकी एकदा येते. वृत्तांचे गण पाठ करायचे ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र तसेच आहे: शेवटचे ‘लगा’ काढून उरलेली आठ अक्षरे वर्तुळात मांडली, की लघु-गुरूंचे आठही गण एकेकदा मिळतात.