आमच्या फेसवॉशमधलं कोकामिडोप्रोपिल बीटेन

बाटलीच्या मागे, घटकांच्या यादीत पाण्याच्या जवळच हे लांबलचक नाव दिसतं आणि बरेच जण विचारतात की एवढं केमिकल चेहऱ्याला चालतं का, म्हणून एकदा नीट सांगतो.

हे सरफॅक्टंट आहे, म्हणजे फेस करून मळ सोडवणारं. रेणूचं एक टोक तेल धरतं, दुसरं पाणी, त्यामुळे तेलकटपणा, सनस्क्रीन वगैरे पाण्याबरोबर निघून जातं. नुसतं सोडियम लॉरिल सल्फेट (हे दुसरं, जरा कडक सरफॅक्टंट) असलं की धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा होतो, त्याच्या जोडीला बीटेन घातलं की तो त्रास बराच कमी होतो आणि फेसही दाट येतो. खोबरेल तेलातल्या फॅटी ॲसिडपासून बनतं हे खरं, पण कारखान्यात त्याच्यावर केमिकल प्रक्रिया होते, त्यामुळे आम्ही त्याला 'नॅचरल' म्हणून विकत नाही.

आता महत्त्वाचं. थोड्या लोकांना याची ॲलर्जी होते. 2004 साली अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने याला 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं. बऱ्याचदा दोष बीटेनचा नसतोच, बनवताना मागे उरलेल्या अमिडोअमाईन आणि डायमिथाईलअमिनोप्रोपिलअमाईन या रसायनांचा असतो, म्हणून माल किती शुद्ध आहे याला फार महत्त्व आहे, आम्ही तरी त्यात स्वस्त बघत नाही.

लावल्या लावल्या चुरचुरलं तर ती बहुतेक नुसती जळजळ असते. ॲलर्जी सहसा एक-दोन दिवसांनी उठते, पापण्यांवर, मानेवर, केसांच्या कडेला, म्हणजे जिथे जिथे फेस ओघळतो तिथे, खाज येते, लाल होतं, साल निघते.

नवी बाटली आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला ओल्या हाताने फेस करा आणि धुवून टाका, असं दिवसातून दोनदा, आठवडाभर. रात्रभर लावून ठेवू नका हं, धुवायचं प्रॉडक्ट तसंच ठेवलं तर चांगल्या त्वचेलाही त्रास होईल आणि उगाच ॲलर्जी आहे असं वाटेल.

रोज वापरताना वाटाण्याएवढं पुरे, अर्धा मिनिट फिरवा आणि जबड्याखाली, कानामागे नीट धुवा, तिथेच फेस राहून जातो. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवा. पुरळ आलं तर वापर थांबवा आणि बाटली घेऊनच स्किनच्या डॉक्टरांकडे जा, आणि पॅच टेस्टमध्ये (त्वचेवर थोडं थोडं लावून ॲलर्जी कशाची ते शोधायची तपासणी) हेच निघालं तर शांपू, हँडवॉश, टूथपेस्टचीही लेबलं वाचा, त्यातही हे बरेचदा असतं.