मायकन, जॉर्ज

मायकन, जॉर्ज : (१८ जून १९२४–१ जून २००५). अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलपटू, एनबीए या अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या सुरुवातीच्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू. त्याला आवरण्यासाठी खेळाचे नियम बदलावे लागले, यातच त्याचे मोठेपण आले.

जन्म इलिनॉय राज्यातील जोलिएटचा, घराणे मूळचे क्रोएशियन. उंची ६ फूट १० इंच, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. इतक्या उंच मुलाला त्या काळी धांदरट समजून संघात घेत नसत. डीपॉल विद्यापीठाचे प्रशिक्षक रे मायर यांनी मात्र त्याच्याकडून दोरीच्या उड्या मारून घेतल्या, मुष्टियुद्ध करून घेतले, नाचसुद्धा शिकायला लावला. बास्केटखाली उभे राहून उजव्या हाताने चेंडू टाकायचा, जाळीतून पडताच झेलायचा आणि लगेच डाव्या हाताने दुसऱ्या बाजूने टाकायचा. हा सराव आजही ‘मायकन ड्रिल’ म्हणूनच ओळखला जातो.

बास्केटमध्ये उतरणारा चेंडू तो वरच्या वर उडवून लावी. तेव्हा १९४४ मध्ये महाविद्यालयीन स्पर्धांत त्यावर बंदी आली. १९४७ मध्ये तो मिनीॲपोलिस लेकर्समध्ये आला. १९४८ ते १९५४ या काळात संघाने सहा विजेतेपदे मिळवली, त्यांतली पहिली दोन एनबीए हे नाव येण्याआधीची. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनबाहेर ‘मायकन विरुद्ध निक्स’ (निक्स हा न्यूयॉर्कचा संघ) अशी पाटी झळकली. ती पाहून सहकारी कपडे न बदलता बसून राहिले : जा, तूच खेळ एकटा!

१९५१ मध्ये बास्केटसमोरचा पट्टा (ज्यात आक्रमक खेळाडूला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही) ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला गेला आणि मायकनची सरासरी २८.४ गुणांवरून २३.८ वर आली. त्याआधी, २२ नोव्हेंबर १९५० रोजी, फोर्ट वेन पिस्टन्सने चेंडू नुसता हातात धरून वेळ काढला आणि लेकर्सना १९–१८ असे हरवले. त्या १८ पैकी १५ गुण मायकनचे. एनबीएतला सर्वांत कमी गुणांचा सामना हाच. अशा रटाळ खेळाला कंटाळून १९५४ मध्ये २४ सेकंदांचे घड्याळ आले : तेवढ्या वेळात संघाने चेंडू बास्केटकडे टाकलाच पाहिजे. मायकन त्याच वर्षी निवृत्त झाला होता. १९५५-५६ मध्ये तो परतला खरा, पण वेगवान झालेल्या खेळात ३७ सामन्यांपलीकडे टिकला नाही.

१९५६ मध्ये तो अमेरिकी संसदेची (काँग्रेसची) निवडणूक लढला आणि हरला. प्रशिक्षक म्हणूनही फारसे जमले नाही. १९६७ मध्ये मात्र प्रतिस्पर्धी लीग एबीएचा पहिला आयुक्त झाल्यावर त्याने लाल-पांढरा-निळा चेंडू आणि तीन गुणांची रेषा (जिच्याबाहेरून चेंडू टाकल्यास तीन गुण) आणली. एनबीएने ही रेषा पुढे उचलली.

मधुमेहामुळे अखेरीस त्याचा एक पाय कापावा लागला. जुन्या खेळाडूंच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनासाठी तो शेवटपर्यंत भांडत राहिला. अंत्यसंस्काराचा खर्च नंतरच्या पिढीतला विख्यात बास्केटबॉलपटू शकील ओनील याने केला.