‘बॉर्डरलाइन’ आणि दुभंगलेली नाती: एका संकल्पनेची पार्श्वभूमी
अमेरिकन मनोविश्लेषक अडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ साली ज्या रुग्णांना ‘बॉर्डरलाइन’ (सीमारेषेवरच्या) गटात घातले, ते धड मज्जाविकृतीत (वास्तवाचे भान न सुटणाऱ्या मनोविकारात) बसत नव्हते आणि धड चित्तविकृतीतही (ते भान सुटणाऱ्या विकारातही). शिवाय प्रचलित मनोविश्लेषण त्यांना मानवत नव्हते. खरे तर या नावात रुग्णाच्या वर्णनापेक्षा उपचारकाची अडचणच अधिक दिसते.

या रुग्णांच्या नात्यांतील टोकाच्या चढउतारांचा अर्थ लावण्याचे साधन लंडनहून आले. तिथल्या मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांनी १९४६ मध्ये मांडले की, तृप्त करणारी आणि ताटकळत ठेवणारी आई एकच आहे हे तान्ह्या मुलाला पेलत नाही, म्हणून त्याचे मन तिचे ‘चांगली’ आणि ‘वाईट’ असे विभाजन करते. मनोविश्लेषक ऑटो कर्नबर्ग यांनी १९६७ मध्ये विभाजनाची हीच बचावयंत्रणा (असह्य भावनांपासून स्वतःला वाचवण्याची मनाची रीत) बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वाच्या केंद्रस्थानी ठेवली: वास्तवाचे भान बहुतांशी शाबूत असूनही, काल देवासमान वाटलेली व्यक्ती एका न उचललेल्या फोनमुळे आज निर्दय भासते आणि कालची माया आठवत असली तरी खरी वाटत नाही.

याची झळ उपचार करणाऱ्यांनाही लागते. लंडनजवळच्या कॅसल रुग्णालयातील टॉम मेन यांनी १९५७ मध्ये, ‘बॉर्डरलाइन’ हे निदान रूढ होण्यापूर्वीच, टिपले होते की काही रुग्णांवरून परिचारिकांमध्ये तट पडत. ‘हिला फक्त मीच समजू शकते’ असे एकीला वाटे, तर बाकीच्यांना तीच भाबडी वाटे.

१९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने आपण कोणत्याही सिद्धान्ताला बांधील नसल्याचे सांगितले, पण बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या निकषांत आदर्शीकरण (एखाद्याला देवासमान मानणे) आणि अवमूल्यन (त्यालाच कवडीमोल ठरवणे) हे मनोविश्लेषणातलेच शब्द आले. त्यांच्या शेजारी इतरांना स्वार्थासाठी वापरण्याचा ठपकाही होता, तो १९८७ च्या आवृत्तीत गळला. रुग्णांना ‘नाटकी’ ठरवण्याची सवय मात्र, माझ्या मते, तितक्या लवकर गेली नाही.

१९८९ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन व सहकाऱ्यांनी पाहिलेल्या छोट्या गटातील बहुसंख्य रुग्णांनी बालपणीच्या अत्याचारांची माहिती दिली. असे बालपण प्रत्येक रुग्णाचे नसते. पण ज्या मुलाला मारणाऱ्याच्याच आधाराने जगायचे असते, त्याला त्या माणसाची दोन रूपे वेगळी ठेवण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही.