संगणकावरील छायाचित्रांचे नामकरण आणि मांडणी

डिजिटल कॅमेरा, मोबाईल किंवा स्कॅनरमधून संगणकावर घेतलेल्या छायाचित्रांच्या फाईलींना एका ठरलेल्या पद्धतीने नावे देणे आणि त्या फोल्डरांत लावून ठेवणे, अशी ही पद्धत आहे. वृत्तपत्रांचे छायाचित्र विभाग, वस्तुसंग्रहालये आणि लग्नसमारंभांचे स्टुडिओ यांचे रोजचे काम तिच्यावर चालते. घरगुती संग्रहांत तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष होते, आणि नुकसानही तिथेच अधिक होते. फोल्डर हलवले जातात, हार्ड डिस्क बदलतात, फोटो पाहायचे सॉफ्टवेअर कधीतरी बंद पडते. या सगळ्यातून फाईलचे नाव सहसा टिकते. म्हणून ती फाईल एकटी कुठे सापडली तरी फोटो केव्हाचा आणि कुठला हे नावावरून कळले पाहिजे.

कॅमेऱ्याने दिलेली नावे

मेमरी कार्ड संगणकाला लावल्यावर दिसणारा ‘डीसीआयएम’ हा फोल्डर आणि त्यातली ‘आयएमजी_०४१२’, ‘डीएससी_०४१२’ अशी नावे एका जपानी मानकातून आली आहेत. जपान इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्री डेव्हलपमेंट असोसिएशनने १९९८ मध्ये ‘डीसीएफ’ हा नियम प्रसिद्ध केला. एका कंपनीच्या कॅमेऱ्यातले कार्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात किंवा प्रिंटरमध्ये चालावे, हा त्यामागचा हेतू होता. त्यानुसार फोल्डरच्या नावात आधी १०० ते ९९९ मधला आकडा आणि पुढे पाच अक्षरे येतात; फाईलच्या नावात चार अक्षरे आणि ०००१ ते ९९९९ मधला क्रमांक असतो. एकूण आठच अक्षरांची ही मर्यादा त्या काळच्या मेमरी कार्डांच्या फाईल व्यवस्थेतून, म्हणजे मूळच्या डॉस या जुन्या संगणक प्रणालीतून आली. नावाच्या सुरुवातीला अधोरेषा दिसली, तर तो फोटो बहुधा ‘ॲडोबी आरजीबी’ या रंगव्यवस्थेत काढलेला असतो, हेही याच मानकाच्या पुढच्या आवृत्तीत ठरले.

या व्यवस्थेत फोटो कार्डावर ओळखता येतो, पण वर्षानुवर्षांच्या संग्रहात ओळखता येत नाही. ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ पासून सुरू होते. भरपूर फोटो काढणाऱ्याकडे त्यामुळे काही वर्षांत एकाच नावाच्या चारपाच फाईली होतात आणि त्या एका फोल्डरमध्ये ओतल्या की जुनी फाईल पुसली जाण्याचा धोका उभा राहतो. लग्नाच्या स्टुडिओंत ही अडचण फार लवकर जाणवते. दोन-तीन छायाचित्रकार एकाच जातीचे कॅमेरे घेऊन काम करतात, आणि घरची मंडळी अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंचे नंबर कागदावर लिहून पाठवतात. ०४१२ हा नंबर दोन कॅमेऱ्यांत असेल तर सप्तपदीऐवजी पंगतीचा फोटो छापला जाऊ शकतो. काळजीपूर्वक काम करणारे स्टुडिओ म्हणूनच कार्यक्रमाआधी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळे जुळवतात आणि प्रत्येक कॅमेऱ्याला नावात वेगळे अक्षर देतात.

अँड्रॉइड मोबाईलने नावातच तारीख आणि वेळ घातली, हे मोठे पाऊल होते. मात्र या तारखा वाचताना सावध राहावे लागते. गूगलच्या पिक्सेल फोनवरील नावात भारतीय वेळ नसून जागतिक प्रमाणवेळ असते. १ जानेवारीला पहाटे दोन वाजता काढलेल्या फोटोच्या नावात ३१ डिसेंबर येतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावातली तारीख तो फोनवर आला त्या दिवसाची असते आणि पुढचा ‘डब्ल्यूए’ क्रमांक त्या दिवसातला अनुक्रम असतो. शिवाय फोटो पाठवताना व्हॉट्सॲप तो लहान करते आणि आतली बरीच माहिती काढून टाकते. नातेवाइकांकडून लग्नामुंजीचे फोटो मागवायचे असतील तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. मूळ फाईल आहे तशी मिळते.

तारीख कुठे असते

फोटोची तारीख तीन जागी सापडते: नावात, फाईलच्या आत आणि संगणकाच्या फाईल व्यवस्थेत. तिसरी जागा सर्वांत कमी भरवशाची. विंडोजमध्ये फाईल दुसरीकडे कॉपी केली की ‘तयार केल्याची तारीख’ त्या क्षणाची होते. पेनड्राइव्हवर साधारणपणे वापरल्या जाणाऱ्या फॅट व्यवस्थेत १९८० च्या आधीची तारीख लिहिताच येत नाही; आजोबांच्या १९६२ च्या फोटोचे स्कॅन तिथे आपले खरे वय सांगूच शकत नाही.

फाईलच्या आतली माहिती ‘एक्झिफ’ या साच्यात असते. तो १९९५ मध्ये जपानमध्येच तयार झाला. शटर दाबल्याची वेळ, लेन्स, छिद्रमान आणि मोबाईल असेल तर अक्षांश-रेखांशही त्यात नोंदवले जातात. वेळ मात्र कॅमेऱ्याच्या घड्याळावरून घेतली जाते, आणि कालविभाग लिहिण्याची सोय एक्झिफमध्ये २०१६ पर्यंत नव्हती. अमेरिकेतून सुट्टीला आलेल्या मुलाने घड्याळ बदलले नसेल, तर त्याने टिपलेली सकाळची आरती आदल्या रात्रीची ठरते. संपूर्ण संचाची वेळ ठरावीक तासांनी पुढे-मागे करता येते. फिल हार्वे यांचे ‘एक्झिफटूल’ हे मोफत साधन या कामासाठी जगभर वापरले जाते. नामकरणाला हात घालण्याआधी ही दुरुस्ती करावी, कारण नावे याच वेळेवरून तयार होतात.

नावात तारीख लिहिताना वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठेवावा: ‘२०२३-०९-१९’. आयएसओ ८६०१ या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाचा हाच क्रम आहे. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला तर संगणक सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र आणतो, मग सगळ्या दोन तारखा. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले तर यादी एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी अशी लागते. क्रमांकही ००१, ००२ असे शून्य देऊन लिहावेत. तसे न केल्यास काही प्रणालींत १० हा २ च्या आधी येतो. अंक इंग्रजी घ्यावेत की मराठी, हे एकदाच ठरवावे आणि सरमिसळ करू नये. देवनागरी अंकांना संगणकात स्वतंत्र संकेत आहेत, त्यामुळे दोन प्रकारची नावे एका क्रमात नीट लागत नाहीत. इंग्रजी अंक व्यवहारात सोपे पडतात.

नुसत्या सणावरून नाव दिले तर काळ कळत नाही. गणेशचतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला आणि २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आली. ‘गणपती’, ‘गणपती नवीन’, ‘गणपती २’ असे फोल्डर तीन वर्षांनी कुणालाच उलगडत नाहीत. ‘२०२३-०९-१९ गणपती रत्नागिरी’ हे नाव मात्र पुरेसे बोलके आहे.

फोल्डर

घरगुती संग्रहाला दोन पातळ्या पुरतात: वर्षाचा फोल्डर आणि त्यात तारीख-प्रसंग-ठिकाण अशा नावाचे फोल्डर. ‘सहली’, ‘लग्ने’, ‘मुले’ अशी विषयवार कपाटे सुरुवातीला आकर्षक वाटतात. पण मामाच्या लग्नाला गेलो तेव्हाच महाबळेश्वर पाहिले, तर तो फोटो कुठे ठेवायचा? मग तो दोन्हीकडे ठेवला जातो आणि प्रतींचा गुंता सुरू होतो. फोटो एकाच दिवशी काढलेला असतो, म्हणून तारखेला अशी पळवाट नसते. विषय, माणसे, ठिकाणे यांसाठी फाईलच्या आतले शोधशब्द वापरावेत, कारण एका फोटोला असे कितीही शब्द जोडता येतात. फोल्डरांची उतरंड फार खोल नेल्यास विंडोजची पूर्ण मार्गासाठी असलेली २६० अक्षरांची जुनी मर्यादा आड येते आणि फाईल उघडत किंवा कॉपी होत नाही.

देवनागरी नावांचा प्रश्न

मराठी वापरणाऱ्यांसाठी हा विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना संकेत देणाऱ्या युनिकोड या मानकामुळे फाईलला मराठी नाव देणे आज सहज शक्य आहे, आणि घरातल्या थोरामोठ्यांना फोटो सापडावेत यासाठी ते द्यावेसेही वाटते. अडचण अशी की डोळ्यांना एकच दिसणारा शब्द संगणकाच्या दृष्टीने वेगवेगळा असू शकतो.

‘वारकऱ्यांचे रिंगण’ हे नाव घ्या. त्यातला अर्धा र तीन प्रकारे साठवला जातो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत; साधा र, खाली नुक्ता (टिंब) आणि हलंत; किंवा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कळफलकाप्रमाणे यांतला कोणताही प्रकार टंकला जातो. ॲपलच्या जुन्या फाईल व्यवस्थेत तर ‘ऱ’ लिहिला तरी तो फोडून र आणि नुक्ता असाच साठवला जाई. तीच गोष्ट ‘ॲ’ची. २००८ मध्ये युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली, पण त्याआधीपासून अ आणि वरचा चंद्र जोडून तो लिहिला जातो, आणि युनिकोड या दोन रूपांना समान मानत नाही. एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲल्बम’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असे नाही. एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांना तंतोतंत सारख्या नावाच्या दोन फाईली दिसू लागल्या, तर कारण बहुधा हेच असते.

लांबीचाही हिशेब वेगळा आहे. लिनक्स या संगणक प्रणालीत फाईलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून ८५ चिन्हांतच नाव संपते. घरगुती नेटवर्क ड्राइव्ह बहुतेक लिनक्सवर चालतात, त्यामुळे विंडोजमध्ये ठेवलेले लांबलचक मराठी नाव तिकडे कॉपी होताना अडते. जुन्या झिप सॉफ्टवेअरमध्ये आणि पेनड्राइव्ह लावलेल्या टीव्हीवर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन येतात, हा अनेकांचा अनुभव आहे.

यावर माझ्या मते योग्य तोडगा असा: फाईलच्या नावात इंग्रजी अंकांतली तारीख, एखादा छोटा शब्द आणि कॅमेऱ्याचा मूळ क्रमांक एवढेच ठेवावे. फोल्डरचे नाव मराठीत, पण आटोपशीर असावे. फोटोची खरी मराठी ओळ फाईलच्या आत वर्णनाच्या जागेत लिहावी. त्यासाठी ॲडोबीने २००१ मध्ये आणलेला ‘एक्सएमपी’ साचा चांगला, कारण तो युनिकोडवर आधारलेला आहे आणि पूर्ण परिच्छेदही सामावून घेतो. एक्झिफमधले वर्णन मूळ मानकात केवळ इंग्रजी अक्षरांपुरते होते. इतर लिप्यांची रीतसर सोय २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत झाली. ‘डिजिकॅम’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक्सएमपी वर्णने आणि शोधशब्द भरता येतात.

माणसे आणि ठिकाणे

वर्णनात नाते लिहू नये, नाव लिहावे. ‘आई आणि काकू, पंढरपूर’ ही ओळ लिहिणारीला अगदी स्पष्ट असते. संग्रह तिच्या मुलाकडे गेला की ‘आई’ दुसरीच व्यक्ती होते. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलते आणि पुष्कळ घरांत पूर्वी पहिले नावही बदलत असे. म्हणून बायकांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे नोंदवणे आवश्यक आहे. नाहीतर १९५५ च्या फोटोतली मुलगी आणि १९८० च्या फोटोतली गृहिणी एकच आहे, हे दोन पिढ्यांनंतर कुणालाही जोडता येत नाही. ही माहिती कोणत्याही यंत्राला चेहऱ्यावरून मिळत नाही. ती ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याजवळ बसून विचारून घ्यावी लागते, आणि ते काम बाकी सगळ्या मांडणीच्या आधी करावे.

ठिकाणांची नावेही बदलतात. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. जुन्या फाईलींची नावे बदलत बसण्याचे कारण नाही; शोधशब्दांत दोन्ही नावे ठेवली की दोन्हीकडून फोटो सापडतो.

स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंची नेमकी तारीख बहुधा माहीत नसते. अशा वेळी अंदाज लपवून खोटी नेमकी तारीख देणे घातक आहे. आयएसओ ८६०१ च्या २०१९ मधील दुसऱ्या भागात अशा तारखांसाठी खुणा आहेत: दशक माहीत असेल तर ‘१९७’पुढे मोठा एक्स, वर्ष अंदाजे असेल तर त्यापुढे नागमोडी रेघ. फोटोच्या पाठीमागचा मजकूर आणि स्टुडिओचा शिक्काही स्कॅन करून तेच नाव शेवटी ‘मागील’ असे जोडून द्यावे.

सॉफ्टवेअरवर सोपवण्याबद्दल

२००४ मध्ये गूगलने विकत घेतलेले ‘पिकासा’ अनेक भारतीय घरांत फोटो लावण्याचे पहिले साधन होते. २०१६ मध्ये ते बंद झाले. त्यातले अल्बम पिकासाच्या स्वतःच्या नोंदींत होते, त्यामुळे नवीन संगणकावर ते आले नाहीत. फोल्डर आणि फाईलींची नावे मात्र जशीच्या तशी राहिली. गूगल फोटोजमधून संग्रह उतरवून घेताना वर्णने आणि दुरुस्त केलेल्या तारखा बाजूच्या ‘जेसन’ या साच्यातल्या मजकुराच्या फाईलींत मिळतात आणि त्या पुन्हा फोटोंत भराव्या लागतात. अशा सेवांचा शोध उत्तम आहे, तो जरूर वापरावा. मूळ संग्रह मात्र आपल्याच डिस्कवर, आपल्याच नावांनी असावा.

नावे बदलायची ती सुरक्षित प्रती काढण्याआधी. आर-सिंकसारख्या प्रत काढणाऱ्या साधनांना नाव बदललेली फाईल नवीनच वाटते, आणि दुसऱ्या डिस्कवर जुन्या व नव्या नावाने दोन प्रती जमतात. तसे आधीच झाले असेल तर फाईलीच्या आशयावरून प्रती ओळखणारी साधने एकसारख्या प्रती शोधून देतात. मधल्या काळात फोटोत काही भरले किंवा बदलले असेल तर त्यांना त्या वेगळ्या वाटतात. तेव्हा नावात राखून ठेवलेला कॅमेऱ्याचा मूळ क्रमांक जोड्या लावायला उपयोगी पडतो.