राणीच्या हाराचा रंग आणि केल्विनचा आकडा

2015च्या सुरुवातीला मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे सोडियमचे पिवळे दिवे उतरवून पांढरे एलईडी बसवले गेले आणि शहरात ओरड झाली. मलबार हिलवरून दिसणारा, किनाऱ्यावरच्या दिव्यांच्या रांगेचा सोनेरी ‘क्वीन्स नेकलेस’ फिका पडला, असं लोक म्हणू लागले. विषय राजकारणात शिरला, मुंबई उच्च न्यायालयातही पोचला. पुढे तिथं पिवळसर छटेचे एलईडी आले. या वादाकडे अजूनही ‘जुन्याची हौस विरुद्ध विजेची बचत’ असं पाहिलं जातं. मला ते पटत नाही. लोकांच्या डोळ्यांना जे खुपलं, ते मोजता येतं.

सोडियम दिव्याचा बहुतेक प्रकाश पिवळा असतो, 589 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा. पांढऱ्या एलईडीची घडण वेगळी आहे. त्यातली चिप मुळात निळा प्रकाश देते, साधारण 450 नॅनोमीटरचा. वरचा फॉस्फरचा थर त्यातल्या काही भागाचं पिवळ्या प्रकाशात रूपांतर करतो आणि दोन्ही मिसळून आपल्याला पांढरं दिसतं. (हा निळा एलईडी साधायला इतकी वर्षं लागली की, त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) फॉस्फर कमी असला की निळा भाग जास्त सुटतो.

दिव्याची ही छटा केल्विन या तापमानाच्या एककात सांगतात आणि ही मोजणी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. मेणबत्ती साधारण 1900, सोडियम दिवा 2000 ते 2200, जुना तारेचा बल्ब 2700, तर दुपारचं ऊन 5500च्या आसपास. आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. म्हणजे सोडियमच्या जागी 5000-6000 केल्विनचा एलईडी लावला, तर रात्रीच्या रस्त्यावर भर दुपारच्या छटेचा उजेड पडतो.

त्या निळ्या भागाचे परिणाम दूरवर जातात. हवेतले रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. त्यामुळंच तर आकाश निळं दिसतं. या हिशोबानं 450 नॅनोमीटरचा प्रकाश 589च्या जवळजवळ तिप्पट विखुरतो, आणि शहरावरचं आकाश आणखी उजळतं. डोळ्याच्या आतही प्रकाश विखुरतो, विशेषतः उतारवयात. त्यात एलईडीचा प्रकाश लहानशा बिंदूतून तीव्रतेनं येतो, त्यामुळं डोळे दिपतात. शिवाय दृष्टिपटलातल्या काही पेशींमध्ये मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतं आणि शरीराला ‘दिवस आहे’ असा निरोप पोचवतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं 2016 साली पथदिव्यांसाठी 3000 केल्विन किंवा त्याहून कमी छटेची शिफारस केली, त्यामागं हीच कारणं होती. समोरच्या घरातला माणूस ‘खिडकीतून डोळ्यांत उजेड येतो, झोप लागत नाही’ म्हणतो, तेव्हा ती तक्रार ऐकून सोडून देण्यासारखी नाही.

मात्र एक गोष्ट सांगायला हवी. सोडियमचा पिवळा रंग काही मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींइतका जुना नाही. उच्च दाबाचे सोडियम दिवे 1960च्या दशकात बाजारात आले. इमारती त्याच्या कितीतरी आधीच्या. मुंबईच्या रस्त्यांवर 1865 साली गॅसचे दिवे लागले, मग विजेचे आले, मधल्या काळात काही शहरांनी पाऱ्याचे निळसर-हिरवट दिवेही पाहिले. शिवाय सोडियमच्या उजेडात रंग ओळखता येत नाहीत: लाल गाडी करडी-तपकिरी दिसते. चांगला एलईडी यात फार सरस आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या मालाडच्या पिवळसर दगडावर 2700 केल्विनचा उजेड पडला तर दगडाचा रंग खुलतो. सोडियमखाली तो आजूबाजूच्या पिवळेपणात हरवतो आणि निळसर उजेडात निस्तेज दिसतो. म्हणून मी सोडियम परत आणा असं म्हणणार नाही. वीज साधारण निम्म्यानं वाचते, ती वाचवायलाच हवी.

उबदार, म्हणजे पिवळसर छटेचा एलईडी वीज जास्त खातो, हा आक्षेप पूर्वी बऱ्यापैकी खरा होता. निळ्या प्रकाशाचं पिवळ्या-लालमध्ये रूपांतर करताना ऊर्जा वाया जाते, आणि लाल टोकाकडे आपल्या डोळ्याची संवेदनाही कमी. पण आता हा फरक बराच घटला आहे. रोममध्ये 2017 साली जुन्या वस्त्यांत पांढऱ्या एलईडीविरुद्ध असाच आवाज उठला होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये तर उरलेले गॅसचे दिवे वाचवायला रहिवासी आणि वारसाप्रेमी पुढे आले.

मला राग येतो तो निर्णय घेण्याच्या पद्धतीचा. निविदेत वॅट असतात, लुमेन (उजेड किती, याचं माप) असतात, किंमत असते. वारसा परिसरासाठी केल्विनची वरची मर्यादा मात्र क्वचितच ठामपणे लिहिलेली दिसते. ती लिहायला खर्च येत नाही. 2018 साली मरीन ड्राइव्हचा आर्ट डेको भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तिथं तरी 2700 किंवा 3000 हा आकडा करारातच हवा. प्रकाश वर न सांडता खाली पडेल असं झाकण हवं, आणि मध्यरात्रीनंतर उजेड मंद करण्याची सोयही. दिवे घाऊक विकत घेण्याआधी चार-पाच खांबांवर वेगवेगळ्या छटांचे दिवे लावावेत, महिनाभर ठेवावेत, आणि त्याच रस्त्यावर राहणाऱ्यांना, तिथं रोज फिरायला येणाऱ्यांना, वयस्कर माणसांना विचारावं. मुंबईत खांबांवरचे दिवे पुन्हा बदलावे लागले. हे आधी केलं असतं तर तो दुहेरी खर्च टळला असता.